लॅपटॉपचा आवाज कुठे अडला?

धावडा हे जालना जिल्ह्याच्या उत्तर भागातले, भोकरदन तालुक्यातले गाव. अशा गावात घरातला लॅपटॉप एकाएकी मुका झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "फॉरमॅट मारून घ्या." मग यंत्र पिशवीत घालून भोकरदन, सिल्लोड नाहीतर बुलढाणा गाठायचे, दिवस मोडायचा, दुकानात ठेवून यायचे आणि परत आणायला आणखी एक फेरी. तोवर ऑनलाइन वर्ग बुडतो, स्पर्धा परीक्षेचे व्याख्यान ऐकायचे राहते आणि शाळेत मुलांसाठी लावलेल्या कवितेच्या व्हिडिओत बाई नुसते ओठ हलवताना दिसतात.

फॉरमॅट म्हणजे यंत्रातली माहिती पुसून विंडोज नव्याने बसवणे. आवाज गेला म्हणून एवढे करण्याची वेळ फार क्वचित येते. बहुतेक वेळा एखादे बटण चुकून दाबले गेलेले असते, आवाज भलत्याच यंत्राकडे वळलेला असतो, नाहीतर इअरफोनच्या भोकात कचरा बसलेला असतो. हे सगळे घरी बसून तपासता येते. त्यासाठी संगणकाचा कोर्स केलेला असावा लागत नाही. थोडा धीर आणि एक वही पुरते.

आधी आवाजाची वाट समजून घेऊ. आपण यूट्यूबवर काही लावतो तेव्हा लॅपटॉपच्या आत आवाज नसतो, आकडे असतात. नेहमीच्या मांडणीत सेकंदाला 48,000 आकडे, डाव्या कानासाठी वेगळे आणि उजव्यासाठी वेगळे. हे आकडे आधी ब्राउझर, झूम किंवा व्हीएलसी अशा अॅपमधून निघतात. विंडोज सगळ्या अॅपचे आकडे एकत्र करते. त्या भागाला मिक्सर म्हणतात. मिक्सर ते ड्रायव्हरकडे देतो. ड्रायव्हर म्हणजे विंडोजचा हुकूम यंत्रातल्या एखाद्या भागाला कळेल अशा रूपात पोचवणारा छोटा प्रोग्राम.

पुढचा मुक्काम मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट पाटीवर. तिथे ऑडिओ कोडेक नावाची नखाएवढी चिप असते. ती आकड्यांची विजेची लहर बनवते. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही चिप रिअलटेक या तैवानी कंपनीची असते, म्हणून ते नाव पडद्यावर अधूनमधून दिसते. लहर अॅम्प्लिफायरमधून मोठी होऊन एकतर स्पीकरकडे जाते, नाहीतर जॅककडे, म्हणजे इअरफोनची पिन खोचायच्या भोकाकडे.

शेवटच्या झाडाला पाणी पोचले नाही म्हणून ठिबकची सगळी नळी कुणी उपटत नाही. मोटर, फिल्टर, व्हॉल्व्ह, नळी असे क्रमाने पाहत जातात. आवाजाचेही तसेच पाहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की आवाज तपासायचा आणि काय बदलले ते वहीत लिहायचे. एका दमात दहा ठिकाणी क्लिक केले तर आवाज आला तरी कशाने आला ते कळत नाही, आणि नाही आला तर मूळ दोषावर आपण केलेल्या बदलांची भर पडते.

खालची बटणांची नावे विंडोज 11 मध्ये दिसतात तशी दिली आहेत. विंडोज 10 मध्ये त्यांच्या जागा थोड्या वेगळ्या आहेत, पण नावे जवळपास तीच. विंडोज मराठीत लावलेले असेल तर नावे मराठीत दिसतील, क्रम मात्र बदलणार नाही.

आधी चार प्रश्न

कशालाही हात लावण्याआधी स्वतःला विचारावे. आवाज सगळीकडचा गेला आहे की एकाच अॅपचा? स्पीकरचाच गेला आहे की इअरफोनमध्येही येत नाही? कधीपासून? आणि त्याच्या आदल्या दिवशी काय झाले होते: अपडेट आले, टीव्हीला जोडला, पाणी सांडले, कुणाच्या हातून पडला?

या उत्तरांनी अर्धे काम हलके होते. एकाच अॅपचा आवाज गेला असेल तर ड्रायव्हर आणि स्पीकर दोन्ही ठीक आहेत हे तिथेच सिद्ध झाले. इअरफोनमध्ये आवाज आहे आणि स्पीकरमध्ये नाही, तर विंडोज आणि कोडेक काम करत आहेत. दोष जॅकपासून पुढे. आदल्या दिवशी लॅपटॉप शाळेतल्या टीव्हीला जोडला होता, तर कुठे पाहायचे ते जवळजवळ ठरलेच.

तपासायला वापरायचा आवाजही खात्रीचा हवा. व्हॉट्सअॅपवर पुढे ढकललेल्या कित्येक व्हिडिओंना मुळातच आवाज नसतो. काही चित्रपटांच्या फाइलमधला आवाजाचा प्रकार साध्या प्लेअरला ओळखता येत नाही. चित्र हलते, आवाज नाही, आणि तीच फाइल व्हीएलसीमध्ये नीट वाजते. म्हणून मोबाइलवर ज्याचा आवाज ऐकू आला आहे असाच एक व्हिडिओ निवडावा आणि सगळ्या तपासण्या त्याच्यावरच कराव्यात.

बटणे आणि मिक्सर

कीबोर्डच्या वरच्या ओळीत स्पीकरचे चित्र असलेली तीन बटणे असतात: आवाज बंद, कमी आणि जास्त. काही लॅपटॉपमध्ये ती नुसती दाबली की चालतात, काहींत एफएन बटणासोबत दाबावी लागतात. आवाज बंद करणे म्हणजेच म्यूट. काही यंत्रांत म्यूट असताना बटणावर छोटा दिवा लागतो. शेजारीच मायक्रोफोनच्या म्यूटचा दिवाही असू शकतो. दोघांची गल्लत होते, म्हणून चित्र नीट पाहून घ्यावे.

पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ स्पीकरचे चिन्ह असते. त्यावर फुली असेल तर म्यूट आहे. चिन्हावर क्लिक करून पट्टी वर सरकवावी. हे सगळ्यांनाच ठाऊक असते आणि म्हणूनच घाईत राहून जाते.

यानंतरची जागा मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच चिन्हावर उजवे क्लिक करावे आणि 'ओपन व्हॉल्यूम मिक्सर' निवडावे. इथे प्रत्येक अॅपची आवाजाची पट्टी वेगळी असते. 2007 मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे. लहान मुलाने खेळता खेळता ब्राउझरची पट्टी शून्यावर नेली की बाकी सगळे वाजते आणि यूट्यूब तेवढे गप्प बसते. अॅप चालू असतानाच त्याची पट्टी इथे दिसते, म्हणून व्हिडिओ लावून ठेवूनच मिक्सर उघडावा. विंडोज 11 मध्ये याच पानावर खाली 'रीसेट' बटण आहे. सगळ्या अॅपच्या पट्ट्या आणि निवडलेली यंत्रे मूळ जागी आणायला तेवढे पुरते.

ब्राउझरचे स्वतःचेही कुलूप असते. क्रोममध्ये टॅबवर, म्हणजे वर दिसणाऱ्या पानाच्या कानावर, उजवे क्लिक केल्यास 'म्यूट साइट' किंवा 'अनम्यूट साइट' असे दिसते. 'अनम्यूट' दिसत असेल तर ती साइट आपल्याच हातून बंद झालेली आहे. शिवाय 2018 पासून क्रोम स्वतःहून सुरू होणाऱ्या व्हिडिओंचा आवाज सहसा अडवते. पानावर एकदा क्लिक केल्याशिवाय तो सुरू होत नाही. यूट्यूबच्या चौकटीतली स्वतःची पट्टीही पाहून घ्यावी.

ऑनलाइन वर्गात आवाज नसेल तर आणखी एक पायरी आहे. झूममध्ये सभेत शिरणे आणि आवाजाला जोडले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाली डाव्या कोपऱ्यात 'जॉइन ऑडिओ' असे दिसत असेल तर आपण सभेत आहोत, पण आवाजाबाहेर. झूम आणि गूगल मीट दोन्हींच्या सेटिंगमध्ये ऑडिओ या भागात स्पीकर निवडायची आणि तो वाजवून पाहायची सोय आहे. ही अॅप आधीचा स्पीकर लक्षात ठेवतात. काल ब्लूटूथ इअरफोन वापरला असेल तर आजही त्याचेच नाव तिथे राहिलेले असू शकते.

आवाज चालला आहे कुठे?

माझ्या मते या साऱ्या शोधात सर्वांत कामाची जागा ही, आणि ती शेवटी नव्हे तर इतक्या लवकर पाहावी. स्पीकरच्या चिन्हावर उजवे क्लिक करून 'साउंड सेटिंग्ज' उघडा. पानाच्या तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज' असते. विंडोज 10 मध्ये त्यालाच 'साउंड कंट्रोल पॅनल' म्हणतात. एक जुन्या धाटणीची छोटी खिडकी उघडेल. तिच्या पहिल्या भागाचे नाव 'प्लेबॅक'.

इथे आवाज बाहेर काढू शकणाऱ्या सगळ्या यंत्रांची यादी असते: स्पीकर, हेडफोन, टीव्ही, ब्लूटूथ. प्रत्येकाच्या उजव्या कडेला आडव्या रेघांची एक उभी पट्टी असते. आपला खात्रीचा व्हिडिओ मागे चालू ठेवून या पट्ट्यांकडे पाहावे. आवाज ज्या यंत्राकडे जात असेल, त्याची पट्टी हिरवी होऊन वरखाली हलते.

स्पीकरच्या ओळीतली पट्टी हलते आहे आणि तरी ऐकू येत नाही, तर अॅप आणि मिक्सर यांनी आपले काम केले आहे. दोष ड्रायव्हर, चिप, जॅक किंवा स्पीकर यांपैकी कशात तरी. पट्टी दुसऱ्याच ओळीत हलते आहे, तर आवाज तिकडे चालला आहे. कुठलीच पट्टी हलत नाही, तर आवाज विंडोजपर्यंत पोचलेलाच नाही. पुन्हा अॅप आणि मिक्सर पाहावा, तिथे दोष नसेल तर पुढे येणारी विंडोज ऑडिओ सेवा. एवढ्या एका नजरेने निम्मी वाट मोकळी ठरते. फॉरमॅटचा सल्ला देणाऱ्याने आधी ही खिडकी उघडून पाहावी असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या ओळीत पट्टी हलत असेल तर स्पीकरच्या ओळीवर क्लिक करून 'सेट डिफॉल्ट' दाबावे. डिफॉल्ट म्हणजे दुसरे काही सांगितले नाही तर विंडोजने आपोआप वापरायचे यंत्र. स्पीकर यादीत दिसतच नसेल तर मोकळ्या जागेवर उजवे क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस'वर खूण करावी. कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असेल तर फिकट रंगात दिसेल. त्यावर उजवे क्लिक करून 'एनेबल' निवडावे.

हे का घडते ते सांगायला हवे, कारण शाळांमध्ये ते वरचेवर घडते. एचडीएमआय ही चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणारी जोडणी आहे. लॅपटॉप टीव्हीला लावला की विंडोज बहुधा आवाजही टीव्हीकडे वळवते. टीव्हीचा आवाज शून्यावर असला किंवा जोडलेल्या मॉनिटरला स्पीकरच नसला तर वर्गभर शांतता. केबल काढली की आवाज परत स्पीकरवर यायला हवा. तो कधीकधी येत नाही. मग आपणच 'सेट डिफॉल्ट' करायचे.

जुन्या प्रोजेक्टरचे कोडे निराळे. त्यांना व्हीजीए ही पंधरा पिनांची जुनी जोडणी असते, आणि तिच्यातून आवाज जातच नाही. नव्या लॅपटॉपला व्हीजीए नसते, म्हणून मध्ये एचडीएमआयचे व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लावतात. काही वेळा लॅपटॉप समजतो की समोर एचडीएमआय यंत्र आहे, आवाज तिकडे धाडतो आणि तो कन्व्हर्टरपाशी संपतो. काही कन्व्हर्टरना आवाजासाठी बाजूला छोटे भोक असते. तिथे बाहेरचा स्पीकर जोडता येतो. ते नसेल तर आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर वळवून घ्यावा आणि मोठ्या वर्गासाठी बाहेरचा स्पीकर लॅपटॉपच्या जॅकला लावावा.

ब्लूटूथचा घोळ घरात होतो. इअरफोन डबीतून अर्धवट बाहेर राहिलेला असतो, लॅपटॉप त्याला दुसऱ्या खोलीतून आपोआप जोडून घेतो आणि आवाज तिकडे वाजत राहतो. तपासताना ब्लूटूथ पूर्ण बंद करावे, म्हणजे ही शंकाच उरत नाही. आणि ब्लूटूथवर आवाज येतो पण फोनवर बोलल्यासारखा बारीक आणि चपटा येतो, असे असेल तर यादीत त्याच इअरफोनची 'हँड्स-फ्री' नावाची दुसरी ओळ वापरली जाते आहे. माइक चालू झाला की इअरफोन त्या पद्धतीवर जातो. नुसते ऐकायचे असेल तर माइक वापरणारे अॅप बंद करावे, नाहीतर साधी हेडफोनची ओळ निवडावी.

पिनेचे भोक

जॅकच्या आत बारीक पत्र्यांचा एक खटका असतो. पिन आत गेली की तो दाबला जातो, आणि ड्रायव्हर स्पीकर बंद करून आवाज इअरफोनकडे पाठवतो. पिन काढल्यावर खटका दाबलेलाच राहिला तर लॅपटॉपला वाटते की इअरफोन अजून लावलेलाच आहे. काहीही खोचलेले नसताना पडद्यावर 'हेडफोन' असे नाव दिसणे ही याची खूण.

मका काढणीच्या दिवसांतली धूळ आणि कापसाचे तंतू या भोकात सहज जाऊन बसतात. बॅगेतल्या कागदाचे तुकडेही सापडतात. आधी इअरफोनची पिन काही वेळा आत-बाहेर करावी. अडकलेला खटका बरेचदा यानेच सुटतो. तेवढ्याने न भागल्यास लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, टॉर्चने आत पाहावे आणि कोरड्या मऊ ब्रशने किंवा हवेच्या छोट्या पंपाने कचरा काढावा.

इथे होणारे नुकसान बहुतेक आपल्याच हातचे असते. भोकात टाचणी, सुई किंवा सेफ्टी पिन घालू नये; पत्रा वाकला की जॅकच बदलावा लागतो. तोंडाने फुंकू नये, वाफेने आत ओल धरते. खोबरेल तेल किंवा पाणी तर नकोच.

अर्धवट आत गेलेली पिन हाही नेहमीचा दोष. कधी भोकच घट्ट असते. टक असा हलका आवाज होईपर्यंत पिन आत जायला हवी. अर्धवट पिनेने एकाच कानात आवाज येतो किंवा गाण्यातले शब्द विरून मागचे संगीत तेवढे उरते. दुसरा इअरफोन लावून पाहिल्याशिवाय जॅकला दोष देऊ नये.

बंद करणे आणि रीस्टार्ट यांत फरक आहे

"मी रोज रात्री बंद करतो, तरी आवाज आला नाही," असे लोक सांगतात आणि खरेच सांगतात. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवते आणि सकाळी तीच उचलते. अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तसाच अडकलेला उठतो. 'रीस्टार्ट' केले तर मात्र सगळे मुळापासून सुरू होते. म्हणून इथे स्टार्ट, पॉवर, रीस्टार्ट हेच करायचे. अपडेट आल्यानंतर गेलेला आवाज कित्येकदा एवढ्यानेच परततो.

रीस्टार्टनेही काही झाले नाही तर आवाजाची सेवा पाहावी. सेवा म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे सतत चालू राहणारा प्रोग्राम. स्टार्ट उघडून इंग्रजीत 'सर्व्हिसेस' टाइप करा. यादीत 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' अशा दोन ओळी शोधा. दोन्हींपुढे 'रनिंग' आणि 'ऑटोमॅटिक' असायला हवे. नसेल तर उजवे क्लिक करून 'स्टार्ट' किंवा 'रीस्टार्ट' करावे. याच यादीतल्या दुसऱ्या कशालाही हात लावू नये.

ड्रायव्हर

आता स्टार्टवर उजवे क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. यंत्रातल्या सगळ्या भागांची ही हजेरी आहे. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' ही ओळ उघडली की रिअलटेक किंवा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' असे नाव दिसते. नावावर खाली तोंड केलेला बाण असेल तर तो भाग बंद केलेला आहे. उजवे क्लिक, 'एनेबल'. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर बिघडला आहे किंवा जुळत नाही.

अपडेटनंतरच आवाज गेला असेल तर नावावर दोनदा क्लिक करून 'ड्रायव्हर' या भागात 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबावे. त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिकट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर साठवलेला नाही.

तरीही आवाज आला नाही तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट करावे. विंडोज तो भाग पुन्हा ओळखते आणि ड्रायव्हर स्वतः बसवते. या वेळी एक चौकोन दिसतो. तो ड्रायव्हरच्या फाइलही काढून टाकायच्या का असे विचारतो. पहिल्या खेपेला तिथे खूण करू नये. खूण करायचीच तर कंपनीचा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून हाताशी ठेवावा.

कंपनीचाच ड्रायव्हर हवा असेल तर तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. लॅपटॉपच्या तळाला चिकटवलेल्या पट्टीवर अनुक्रमांक असतो, डेल त्याला सर्व्हिस टॅग म्हणते. तो तिथे टाकला की नेमक्या त्याच मॉडेलचे ड्रायव्हर दिसतात. एकच चिप असली तरी प्रत्येक मॉडेलमधली जोडणी वेगळी असते, म्हणून शेजाऱ्याच्या लॅपटॉपचा ड्रायव्हर आपल्याला चालेलच असे नाही. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" देणारी मोफत सॉफ्टवेअर टाळावीत. त्यांच्यासोबत नको असलेले बरेच काही यंत्रात शिरते.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि अनेकांनी जुन्या लॅपटॉपवर विंडोज 11 टाकून घेतले. अशा यंत्रात आवाज गेला असेल तर पहिला संशय ड्रायव्हरवरच घ्यावा. कंपनीने विंडोज 11 साठी ड्रायव्हर दिलेला नसेल तर 'अपडेट ड्रायव्हर', मग यंत्रातूनच शोधायचा आणि यादीतून निवडायचा पर्याय, अशा वाटेने मायक्रोसॉफ्टचा साधा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' लावून पाहावा. त्यात कंपनीच्या खास सोयी नसतात, पण बरेचदा आवाज येतो.

  

आवाज आहे, पण नीट नाही

आवाज फाटतो, तुटतो किंवा घोगरा येतो, तर साउंड सेटिंग्जमध्ये स्पीकरच्या नावावर क्लिक करून 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करावे. आवाज सजवणारी ही सोय कित्येकदा तो बिघडवते. त्याच पानावर डाव्या-उजव्या पट्ट्या वेगळ्या असतात; एक शून्यावर असेल तर एका बाजूचा आवाज येत नाही.

कॉल सुरू होताच बाकी सगळे अगदी हळू होते, हा दोष नसून नेमलेले वागणे आहे. त्याच जुन्या खिडकीत 'कम्युनिकेशन्स' या भागात, बोलणे सुरू झाले की इतर आवाज 80 टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय मुळातच निवडलेला असतो. तिथे 'डू नथिंग' निवडावे. आणि पुष्कळ लॅपटॉपचे स्पीकर तळाशी असतात. गोधडीवर किंवा उशीवर ठेवून ऐकले तर ते दाबले जातात.

विंडोजच्या बाहेर तपासणी

इथवर येऊनही शांतताच असेल तर दोष प्रोग्रामचा की यंत्राचा हे एकदा पक्के करावे. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सुरू करताना एफ2 आणि डेलमध्ये एफ12 दाबून कंपनीची स्वतःची तपासणी चालवता येते; तीत सहसा स्पीकरचीही चाचणी असते. ती विंडोजला हात न लावता चालते. तिथे आवाज आला तर स्पीकर आणि चिप ठीक, दोष विंडोजमध्ये.

दुसरा मार्ग पेनड्राइव्हवर उबुंटूसारखे लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, घेऊन त्यावरून लॅपटॉप सुरू करण्याचा. सुरुवातीला 'ट्राय' निवडायचे, 'इन्स्टॉल' अजिबात नाही. तिथे आवाज आला तर यंत्र निर्दोष. मात्र अगदी नव्या मॉडेलवर लिनक्सचाच ड्रायव्हर नसू शकतो, म्हणून तिथे आवाज न आल्यास लगेच चिप मेली असे ठरवू नये.

पेनड्राइव्हसाठी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये, काही बदलण्यापूर्वी एक काळजी घ्यावी. विंडोज 11 च्या पुष्कळ यंत्रांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. बायोसमधला बदल पाहून ती 48 अंकी किल्ली मागू शकते. किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधी वहीत उतरवून ठेवावी. ती न सापडल्यास आवाजाच्या नादात सगळी कागदपत्रे आणि फोटो हातचे जातील.

स्पीकर गेला असेल तर तो मॉडेलप्रमाणे सुटा मिळतो आणि बदलता येतो. कोडेक चिपच गेली असेल तर मात्र मदरबोर्ड बदलण्याच्या खर्चात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. यूएसबीत खोचायचे छोटे साउंड कार्ड काहीशे रुपयांत मिळते. आकड्यांची लहर करण्याचे काम ते स्वतःच्या चिपवर करते, बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हरही लागत नाही, आणि त्याला इअरफोन किंवा बाहेरचा स्पीकर जोडता येतो. ब्लूटूथ स्पीकर असेल तर तोही कोडेकला वगळून चालतो.

इंटरनेटवर "लॅपटॉप दुरुस्ती हेल्पलाइन" शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करू नये. तिकडचा माणूस एनीडेस्कसारखे अॅप टाकायला लावून आपला पडदा ताब्यात घेतो आणि मग गोष्ट आवाजापाशी थांबत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

दुकानात जायचे ठरले तर कामाच्या फाइलींची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारावे. वहीतला मजकूर एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावा: इअरफोनमध्ये आवाज आहे की नाही, हिरवी पट्टी हलते की नाही, कंपनीच्या तपासणीत काय झाले. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, असेही त्याच चिठ्ठीत लिहावे. कारागिराचा वेळ वाचतो आणि खर्चाचा अंदाज आधी मिळतो. यंत्र ताब्यात घेताना स्पीकर आणि इअरफोन दुकानातच वाजवून पाहावेत, आणि माइकवर दोन वाक्ये बोलून ती परत ऐकावीत. स्पीकरसाठी लॅपटॉप उघडला की माइकची बारीक वायर निघून येण्याचा संभव असतो, आणि ते घरी परतल्यावर पुढच्या ऑनलाइन वर्गातच कळते.